न ओढलेला चाप

आपल्या कथांमध्ये हरणामागे गेलेला माणूस सहसा सुखानं घरी परतत नाही. पांडू राजानं रानात रमलेल्या हरणांच्या जोडीवर बाण सोडला आणि हरीण निघालं किंदम ऋषी. त्यांच्या शापानं पुढे राजाचा जीव घेतला. दशरथानं तर बघायचेही कष्ट घेतले नाहीत. शरयूकाठच्या अंधारात बुडबुड ऐकू आली, नुसत्या आवाजावर नेम धरायची विद्या अंगात होती, हात थांबला नाही. वाल्मीकींच्या दशरथाला वाटतं, हत्ती पाणी पितोय. माझ्या आजीच्या गोष्टीत तिथे हरीण असायचं. जनावर कोणतंही धरा, मेला तो आंधळ्या आईबापांसाठी घडा भरणारा पोरगा. यादवांचा नाश झाल्यावर रानात पहुडलेला कृष्ण जरा नावाच्या व्याधाला हरीण वाटला आणि बाण पायात रुतला. सोन्याच्या हरणाचं तर काय सांगायचं! त्यापायी पुढे लंका जळली.

यातला एकही गडी नवशिका नव्हता. एकेक जण नावाजलेला धनुर्धर, जरा तर पोटापाण्यासाठी शिकार करणारा. चुकताना प्रत्येकाला आतून पक्की खात्री होती. या सगळ्या गोतावळ्यात एकाचंच आतलं वाटणं खरं ठरलं, लक्ष्मणाचं. हरीण बघताक्षणी त्याच्या मनात पाल चुकचुकली. हा मारीच आहे, असलं रत्नजडित हरीण कुठे असतं का, असं त्यानं स्पष्ट सांगितलंही. पण तो 'थांबा' म्हणत होता, आणि थांबा म्हणणाऱ्याचं आजवर कोणी ऐकलंय?

हे सगळं आठवायला कारण माझा भाचा. ताईचा मुलगा. नोकरीच्या निमित्तानं अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला आणि तिथे ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं हरणांच्या शिकारीला जाऊ लागला. रीतसर जातो. आधी सुरक्षेचा कोर्स, मग परवाना, मग प्रत्येक जनावरामागे टॅग. तिथे बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. गावंच्या गावं रानात उतरतात, बाप मुलाला नेतो, आजोबा नातीला. व्हाइट-टेल हरणं तिथे उदंड. शेतात घुसतात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. मारलेलं हरीण घरच्या फ्रीझरमध्ये जातं आणि हिवाळाभर पुरतं.

पहिल्यांदा कळलं तेव्हा ताईनं मुलुंडहून मला फोन करून अक्षरशः गळा काढला. "आपल्या घराण्यात कुणी उंदीर मारला नाही गं!" मी तिला पारधीला जाणाऱ्या आप्पाआजोबांची आठवण करून दिली, तर म्हणाली, "ते वेगळं." का वेगळं, ते तिनं सांगितलं नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाला हात लावणं म्हणजे तुरुंगाची हवा, आणि ते तसंच असावं. आपली रानं उरलीत किती! पण इथे बसून विस्कॉन्सिनवर नाक मुरडायला मला जमत नाही. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभी राहून तर मुळीच नाही.

भाच्याशी माझं जमतं ते वेगळ्याच कारणानं. मी बोरिवलीला राहते, राष्ट्रीय उद्यानापासून हाकेच्या अंतरावर, आणि हरणं मीही बघते. त्याच्या हातात बंदूक असते, माझ्या गळ्यात जुनी दुर्बीण. बाकी बसणं, वाट पाहणं, डास किंवा थंडी सोसणं सारखंच. फोनवर आम्ही वाऱ्याबद्दल बोलतो. हरणाच्या नाकापुढे माणसाची काही मात्रा चालत नाही, म्हणून वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा, तो फिरला की दिवस फुकट. रंगांबद्दल बोलतो. कायद्यानं त्याला भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं. माणसांना तो मैलावरून दिसतो, हरणाला मात्र नारिंगी आणि लाल नीट कळतच नाहीत, उलट निळा रंग चटकन खुपतो. २०१६ पासून विस्कॉन्सिननं भडक गुलाबीही चालेल म्हणून सांगितलं. हे ऐकून ताई थोडी विरघळली होती. गुलाबी जाकिटातला शिकारी तिला तितकासा हिंस्र वाटला नसावा.

एकदा तो म्हणाला, "मावशी, हरीण यायच्या आधीच कळतं. दिसत नाही, ऐकू येत नाही, पण मान आपोआप त्या बाजूला वळते. आणि तिथूनच येतं."

मी विचारलं, "कशावरून कळतं?"

"तेच सांगता येत नाही ना."

त्याला सांगता येईना, पण मला ते चमत्कारिक वाटलं नाही. सकाळच्या चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात वर्षानुवर्षं उभी राहिलेली कुठलीही बाई हे ओळखेल. दादरला कोण उठणार हे आम्हाला अंधेरीलाच कळलेलं असतं. नव्या मुली बिचाऱ्या एकेकीला "कुठे उतरणार?" विचारत फिरतात. जुन्या बायका विचारत नाहीत, योग्य सीटसमोर जाऊन उभ्या राहतात. नीट बघितलं तर उलगडतं. अंधेरीच्या आसपास एखादीचा अंगठा मोबाइलवरून सरकायचा थांबतो. इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली जाते. डबा पर्समध्ये आडवा होता, तो उभा होतो. सीटखाली सोडलेल्या सँडलकडे पाऊल चाचपडत जातं, पण बाईचं स्वतःचं तिकडे लक्षही नसतं. हे सगळं आपण बघतो, आणि आपण बघतोय हे आपल्याला माहीत नसतं. मनाला फक्त निकाल कळतो: इथे उभी राहा.

भाच्याच्या रानातही हेच होत असणार. खारींची खुडबुड थांबली असेल, एखादा पक्षी ओरडून गप्प झाला असेल, आणि त्याच्या कानांनी ते त्याला न विचारता टिपलं असेल.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला. एकानं आयुष्यभर माणसाचं मन कुठे कुठे फसतं हे दाखवलेलं, दुसऱ्यानं आगीच्या बंबावरचे अधिकारी क्षणात अचूक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केलेला. भांडायला बसले आणि बऱ्याच गोष्टींवर त्यांचं एकमत झालं. अंतःप्रेरणेवर भरवसा कधी ठेवावा? तर ज्या जगात काही एक नियमितपणा आहे, आणि जिथे माणसाला पुष्कळ सराव मिळून आपलं बरोबर की चूक हे लगेच कळत राहतं, तिथे. आपल्याला कितीही ठाम वाटत असलं, तरी तो ठामपणा हा काही पुरावा नाही. लोकलचा डबा या कसोटीला शंभर टक्के उतरतो. दादर आलं की लगेच निकाल. तोही रोज, दोन वेळा.

हरणाच्या शिकारीत मात्र दोन वेगवेगळी कामं एकात एक मिसळलेली असतात आणि मला वाटतं गोंधळ तिथेच होतो. हरीण कुठून येईल, कधी येईल, वारा काय करेल, हे ओळखायचा सराव तासन्‌तास होतो. भाचा मचाणावर बसतो तेव्हा मिनिटामिनिटाला त्याचा अंदाज खरा किंवा खोटा ठरत असतो. दुसरं काम म्हणजे अंधुक उजेडात, पानांआड जे हललं ते हरीणच आहे असं ठरवून चाप ओढणं. हे काम अख्ख्या हंगामात एकदा, फार तर दोनदा. सराव कसला होणार? आणि तेही कुठल्या वेळी? बोटं गारठलेली, हंगाम संपत आलेला, शेजारच्याचा फ्रीझर भरलेला. अशा वेळी मनाला हवं ते डोळे काढून दाखवतात. तुटक्या खोडाला शिंगं फुटतात, वाळक्या फांदीला कान येतात. भाच्याच्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी घोकून घेतात: लक्ष्य काय आहे आणि लक्ष्याच्या मागे काय आहे, याची खात्री होईपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. दशरथाला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याला नुसता नेम शिकवला.

आता आप्पाआजोबा. हे आईचे मामा, संगमेश्वराकडचे. गिरणीत लागायच्या आधी गावी असताना त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि गावच्या पारधीला ते जात. आम्ही मुलं लालबागला त्यांच्या चाळीत जायचो, तेव्हा गॅलरीत बसून ते गोष्टी सांगत. मोठ्या बाता मारणाऱ्यांतले ते नव्हते. रानडुकराच्या गोष्टी त्यांच्याकडे होत्या, पण खुलवून सांगायचे ती एकच गोष्ट, जिच्यात काहीच घडत नाही.

हाका चालू होता. हाकेकरी डबे बडवत, आरोळ्या ठोकत डोंगर उतरत होते आणि आप्पा पाणंदीच्या तोंडाशी बसले होते. समोर करवंदीची जाळी. जाळीत तांबूस काहीतरी हललं. भेकर तांबूसच असतं, तिथून भेकर निघणार हे सगळ्यांनी सकाळीच ठरवलेलं. आप्पांनी घोडा ओढला, बंदूक खांद्याला लावली. आणि बार काढलाच नाही. पुन्हा एकदा जाळी हलली, मग खालच्या अंगाला पाचोळा वाजला, आणि जे काय होतं ते निघून गेलं. हाकेकरी खाली आले तेव्हा बाकीच्यांनी आप्पांची यथेच्छ टर उडवली. दुपारी नुसत्या पिठलंभाकरीवर भागवावं लागलं, त्याचंही खापर त्यांच्यावर फुटलं.

"मग काय होतं ते?" आम्ही दर वेळी विचारायचो.

"देव जाणे," ते म्हणायचे. "भेकर असं हलत नाही, एवढंच मला वाटलं."

लहानपणी ही गोष्ट आम्हाला अर्धवट वाटायची. तिथे लाकडं गोळा करणारी म्हातारी निघायला हवी होती, निदान कोणाचं तरी वासरू. गोष्टीला शेवट नको का? आता वाटतं, शेवट नाही म्हणूनच आप्पा ती पुन्हा पुन्हा सांगत असावेत. चुकीचा बार निघाला तर प्रेत समोर पडतं, जन्मभर पुरावा राहतो. बरोबर बार लागला तर रात्री रस्सा शिजतो. पण न काढलेल्या बाराची पावती कुठेच मिळत नाही. ते भेकर असेल तर आप्पा भित्रे. माणूस असेल तर आप्पांनी एक जीव वाचवला. आणि या दोन्हींतलं नेमकं काय, हे त्यांना कधी कळलंच नाही. कानेमन-क्लाइन यांच्या हिशेबात हे बसत नाही. ज्या अंतःप्रेरणेला उलट टपालच येत नाही, तिनं शिकायचं कसं? आणि आपण तिच्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

याचं उत्तर मला माणसांपेक्षा हरणांकडून मिळालं असं म्हणेन.

आमचं उद्यान म्हणजे जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं रान. एका अंगाला बोरिवली-कांदिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड-ठाणे, मध्ये तुळशी आणि विहार तलाव. २०१८ च्या कॅमेऱ्यांच्या गणनेत उद्यान आणि आसपास मिळून ४७ बिबटे मोजले गेले. तेवढ्या बिबट्यांच्या पंज्यात चितळ, सांबर, भेकर अशी मंडळी राहतात. बिबट्यांना कडेच्या वस्त्यांतली भटकी कुत्री सोपी पडतात हे खरं, पण म्हणून चितळाला सुटी नाही.

पावसाळा नुकता सरला होता. कान्हेरीच्या रस्त्याला आम्ही थोडे जण चाललो होतो, बरोबर पाड्यावरचा एक वारली मुलगा वाटाड्या म्हणून. उजवीकडे उतारावर चितळांचा कळप चरत होता, वर झाडावर वानरं. वानरं खातात कमी, सांडतात जास्त, आणि ती पानं खाली चितळांच्या पोटात जातात. सगळं निवांत. एकाएकी एका मादीनं चरता चरता मान वर केली. तोंडात गवताची काडी तशीच, चावणं बंद. दोन्ही कान एका दिशेला ताणलेले. पुढचा डावा पाय तिनं गुडघ्यात मुडपून वर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग खुरानं जमिनीवर जोरात आपटला. शेपूट हळूहळू वर चढली, खालचा पांढरा भाग दिसू लागला. पुन्हा पाय आपटला. ओरडली नाही. कळपातल्या बाकीच्यांनी त्या दिशेला बघितलंही नाही, त्यांनी तिच्याकडे बघितलं. आणि एकेक करून सगळ्यांची तोंडं चावायची थांबली.

वानरं गप्पच होती. ती वरून बघतात, बिबट्या असता तर बहुधा ती खेकसली असती. वाटाड्या दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, आज पुढे नको." आमच्यातल्या एकाला हे पटलं नाही. त्याच्याकडे महागडा कॅमेरा होता आणि त्याला बिबट्या हवाच होता. मुलगा वाद घालत बसला नाही, वळून चालायला लागला. आम्हीही वळलो. कॅमेरावाला सर्वांत शेवटी, कुरकुरत.

परतताना मी त्या मुलाला विचारलं, "होता का रे?"

"नसेलही," तो म्हणाला. "चितळ उगाच घाबरतं पुष्कळदा. सांबर ओरडलं असतं तर खात्रीनं सांगितलं असतं."

चितळ उगाच घाबरतं हे त्याला माहीत होतं, तरी तो वळला. मला हे फार आवडलं. चितळाची मादी दिवसातून कितीतरी वेळा अशी खोटी थबकत असेल. त्यात तिचं नुकसान काय? गवताचे चार घास. आणि जिथे थबकायचं तिथे थबकली नाही तर? मग पुढचा घासच नाही. लाखो वर्षांत ज्या हरणांनी पक्का पुरावा मिळेपर्यंत वाट पाहिली त्यांची वंशावळ तिथेच खुंटली. उरल्या त्या या भित्र्या, कान टवकारणाऱ्या माद्यांच्या लेकी-नाती. त्यांच्या भीतीलाही कोणी पावती देत नाही. ती दर वेळी खरी ठरायची गरजच नाही, ती स्वस्त आहे एवढं पुरतं.

बंदुकीमागच्या माणसाचा हिशेब अगदी असाच असायला हवा, आणि इथे माझं आणि बऱ्याच शिकाऱ्यांचं पटणार नाही. 'आतून वाटलं आणि मारलं' या गोष्टी रंगतात, कौतुकानं सांगितल्या जातात. पण 'मार' म्हणणाऱ्या आतल्या आवाजात भूक असते, फुशारकी असते, थंडीत वाया गेलेला दिवस असतो. 'थांब' म्हणणाऱ्या आवाजाला त्यातलं काहीच मिळायचं नसतं. उलट चेष्टा मिळते आणि पिठलं मिळतं. ज्याला लाभ नाही त्याच्या साक्षीला कोर्टातही वजन असतं. शिकाऱ्यानं हरीण शोधताना सगळ्याच वाटण्यांचा उपयोग करावा, मान वळते तिकडे वळू द्यावी. बोट चापाशी आलं की मात्र त्यानं हरणासारखं भित्रं व्हावं.

आपल्या परंपरेत असा एक भित्रा म्हणा, भला म्हणा, शिकारी आहे. शिवरात्रीच्या कथेतला व्याध. बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो, खाली हरिणी येते, धनुष्य ताणतो. ती म्हणते, घरी जाऊन येते, मग मार. आणि हा चक्क सोडून देतो! शिकारी म्हणून याच्यासारखा नापास माणूस नसेल. पण हरणामागे गेलेल्यांपैकी धड शेवट त्याच्याच वाट्याला आला. अजूनही मुंबईच्या त्या पिवळट, दिवे माखलेल्या आभाळात थंडीच्या दिवसांत मृग नक्षत्र फिकं दिसतं, व्याध मात्र ठसठशीत दिसतो. रात्रीच्या आभाळात त्याच्याइतका तेजस्वी दुसरा तारा नाही.

गेल्या हंगामात भाच्याचा फोन आला तेव्हा ताई माझ्याकडेच होती. आम्ही मटार सोलत होतो. मी फोन स्पीकरवर टाकला. तो सांगत होता: उजाडता उजाडता मान आपोआप वळली, नर आला, चांगला मोठा. मान खाली घातली, जणू चरतोय, आणि लगेच झटकन वर केली. ही त्यांची नेहमीची हूल, कोणी हलतंय का ते बघायची. तो हलला नाही. नर आडवा झाला, नेम लागला होता. सोडून दिला.

"का रे?" मी विचारलं.

"त्याच्या मागे झाडी होती. दिसत काहीच नव्हतं. पण बरं वाटेना."

"होतं का कोणी मागे?"

"बघायला गेलो नाही, मावशी. उतरलो आणि कॉफी प्यायला गेलो."

ताईनं मटाराची शेंग परातीत टाकली आणि फोनकडे वाकून म्हणाली, "मग परवान्याचे पैसे परत देतात का ते?"

"नाही देत गं, आई."

"वाटलंच मला," ताई म्हणाली, आणि जेवलास का ते विचारायला लागली.